जिकडे आई, तिकडे मान नाही

छापखान्यात तिला सगळे भोंगा म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. घडीच्या मशीनवर जिची इतकी वर्षं गेली तिचा आवाज नाजूक राहील कसा? छापून आलेले कागद ते मशीन खडाखड दुमडत राही, आणि त्या गोंगाटात पलीकडच्या माणसाला "थांबव, पान उलटं चाललंय!" एवढं सांगायला आवाज बेंबीच्या देठापासून काढावा लागे. तोच आवाज घेऊन ती घरी येई. "चहा झाला," असं ती म्हणाली की वरच्या मजल्यावरच्या लोकांनाही आपलाच चहा झाल्यासारखं वाटे.

तिची लेक बबडी पोहायला जाऊ लागली आणि या आवाजाला नवं काम मिळालं. बबडी पाण्यात उतरली की आई तलावाच्या काठाने तिच्याबरोबर चालत सुटायची. "कोपर वर! पाय मार, पाय! झोपलीस का?" स्वतः तिला पोहण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आंघोळीच्या बादलीपेक्षा खोल पाण्याशी तिचा संबंध आला नव्हता. पण मोबाइलवर बघून बघून तिने इतकं ज्ञान गोळा केलं होतं, की आता ते कुणाला तरी देणं भाग होतं. उरलेलं ज्ञान स्कूटरवर, घरी जाताना. मागे बसलेली बबडी ओल्या केसांनी नुसतं "हं" म्हणत राही.

एक दिवस तलावावरचे सर बुचकळ्यात पडले. बबडी जाताना फक्त डावीकडे मान वळवून श्वास घ्यायची आणि येताना फक्त उजवीकडे. त्या नादात ती तिरकी जाई आणि मधल्या दोरीला जाऊन धडके. असं पोहणारं पोर त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. मग त्यांनी काठाकडे नजर टाकली. काठावर भोंगा चालत होती. सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. पण माणूस हुशार, बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "ताई, आज जरा समोरच्या काठावर थांबाल का?"

हिला वाटलं, आपल्याला महत्त्वाच्या कामावर नेमलंय. ती पदर खोचून समोर गेली आणि तिथून सुरू झाली. बबडी आली, गेली, पुन्हा आली. पण दिसत काय होतं? टोपी. टोपीची मागची बाजू. काल दुसऱ्या काठावरूनही तेच दिसलं होतं, परवाही. आज काठ बदलला तशी लेकीची मानही बदलली होती. तिचं "कोपर" ओठांवर आलं आणि तिथेच विरलं.

घरी गेल्यावर बबडी केस पुसत होती तेव्हा तिने विचारलं, तेही चक्क हळू आवाजात. "बबडे, मी दिसू नये म्हणून मान फिरवतेस होय गं?"

बबडी टॉवेलच्या आतून म्हणाली, "तू रागावशील."

"नाही रागावणार. बोल."

"श्वास घ्यायला तोंड वर काढलं की तुझं तोंड दिसतं. पुन्हा काढलं की पुन्हा तुझं तोंड. एवढं मोठं उघडलेलं! ऐकू तर काहीच येत नाही गं. नुसतं वाटतं, माझं काहीतरी चुकतंय."

"काहीच ऐकू येत नाही?"

"पाण्यात कसं येणार?"

इतके दिवस घसा फोडला तो फुकटच! हसावं की रडावं तेच तिला कळेना. स्वयंपाकघरात जाऊन तिने भांडी जरा जास्तच जोरात घासली. सायकली दुरुस्त करणारा तिचा नवरा दारात येऊन म्हणाला, "त्यात काय एवढं? गप्प बसायचं."

"बोलायला काय जातंय! तुम्ही बसून दाखवा गप्प."

पण विचार डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात तिने तलावावर मोठ्या बायकांच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी ती पाण्यात उतरली, कठड्याला घोरपडीसारखी चिकटली आणि हलेचना. बाकावर बाप-लेक बसले होते. कशीबशी तिने पकड सोडली, आडवी झाली, तोच बाकावरून नवरा उभा राहिला. "पाय मार! अगं पाय! मान खाली घाल!"

तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. ठसकत ती उभी राहिली आणि छापखान्यातला अस्सल आवाज तलावावर घुमला. "आधी तुम्ही खाली बसा! स्वतःला बुडी मारता येत नाही आणि मला शिकवताय!"

सगळा तलाव थांबला. नवरा मटकन बसला. बबडीने हसू दाबायला टॉवेल तोंडात कोंबला. आणि बोलून झाल्यावर भोंगालाच कसंतरी झालं, कारण आपण कुणाच्या जागी उभ्या आहोत हे तिला त्या गळाभर पाण्यात नीटच कळलं.

बाहेर आल्यावर तिने दबकत विचारलं, "कशी पोहले गं?"

बबडी म्हणाली, "टोपी मस्त दिसत होती तुझी." आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला. एवढ्यावर भोंगा खूश होऊन घरी गेली.

त्यानंतर ती काठावर चालली नाही. वरच्या बाकांवर बसू लागली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. बबडीची मान हळूहळू सरळ झाली, दोरीला धडकणं थांबलं. आणि मग शर्यतीचा दिवस आला.

सगळ्या पोरींच्या टोप्या सारख्या, निळ्या. भोंगा श्वास रोखून चौथ्या लेनमधल्या टोपीकडे बघत राहिली. काय पोहली ती पोर! सुसाट. पहिली आली तेव्हा हिने जागच्या जागी नाचत नवऱ्याच्या पाठीत आनंदाने असा गुद्दा घातला, की तो कळवळला. मग त्या पोरीने टोपी काढली आणि आतून भलतीच मुलगी निघाली. बबडी सहाव्या लेनमधून पाचवी येऊन, दोरीला लोंबकळत शेजारणीशी गप्पा मारत होती.

कपडे बदलून ती बाहेर आली. भोंगाच्या जिभेवर चार प्रश्न आले होते. तिने ते गिळले. "भूक लागलीय?"

"खूप."

तिघं तिथेच पायरीवर बसून सँडविच खाऊ लागले. अर्धं संपल्यावर बबडी आपणहून म्हणाली, "आई, वळताना भिंतीवरून माझा पाय सटकला. दिसलं का तुला?"

भोंगाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आकाशाकडे बघू लागला.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मी पूर्ण वेळ दुसऱ्याच मुलीकडे बघत होते."

बबडीला इतकं हसू आलं, की सँडविचमधली काकडी खाली पडली. "म्हणजे तू कुणासाठी एवढी नाचलीस?"

"कुणाच्या पोरीसाठी, देव जाणे. पण पोहली छान हो ती."

"छानच पोहते ती," बबडी म्हणाली. "थांब, तिला सांगून येते." आणि ओले केस उडवत ती त्या मुलीला शोधायला पळाली.