देवाच्या घोडीला मुसकं

घोडी पाळायला कसं वाटतं, असं मला लोक विचारतात. मोटारसायकल थांबवतात, फोटो काढतात आणि विचारतात. मी खरं ते सांगते. घोडी चावते. दोरीची गाठ सोडायला शिकते आणि शिकली की रोज सोडते. अंघोळ घातली की लगेच धुळीत लोळते. तुम्हाला ताप आला असला तरी तिला पाणी पाजावं लागतं. एवढं ऐकून निम्मे लोक निघून जातात. जे थांबतात त्यांना चहा मिळतो.

आमची घोडी बुटकी आहे, तिची पाठ माझ्या खांद्याला लागते. रंग मातकट, पाय आखूड आणि जाड, आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर एक काळी रेघ, कुणी कोळशानं ओढावी तशी. सांगोल्याकडं आमची मेंढरं होती तेव्हा हिची आई आमचं बिऱ्हाड वाहायची. पाल, भांडी, पिठाचं पोतं, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर त्या दिवशी जन्मलेलं कोकरू. पुढं हीही तेच करायला लागली. बाभळीच्या शेंगा, कुसळी गवत, जे मिळेल ते खायची आणि माळावर दिवसभर चालायची. तिच्यासाठी कधी वेगळा चारा विकत आणल्याचं मला आठवत नाही.

नवरा गेला, मेंढरं विकली. मुलगा श्रीपूरच्या बाजूला ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर चालवतो. रस्त्याच्या वळणावर त्याचं घर आहे. "आये, आता हितंच ये," म्हणाला. मी म्हणाले, घोडीसकट येते. लाड म्हणून नाही. माझे गुडघे कामातून गेलेत. चार वावरं चालले तर दोन दिवस बाजेवर पडावं लागतं. पण ओट्यावरून घोडीवर बसले की मी गिरणीला जाते, बाजाराला जाते, वाटलं तर पलीकडच्या गावच्या बहिणीकडं जाऊन भांडून येते. घोडी नसती तर मी सुनेच्या दारात नळाचं पाणी कधी येतंय ते बघत बसले असते.

ऊसपट्ट्यात आल्यावर घोडीला काय खाऊ घालावं याला धरबंधच राहिला नाही. साखर कारखान्याचं गळीत सुरू झालं की घरापुढून उसाच्या गाड्या जातात. गाडीवानानं उसाचे हिरवे शेंडे, ज्यांना इथं वाढं म्हणतात, ते पेंढीच्या पेंढी हिच्यापुढं टाकायचे. गुऱ्हाळवाल्यानं काकवी पाठवायची. त्यात गावात खंडोबाचं देऊळ. खंडोबा घोड्यावर बसतो आणि गावात घोडं आमचं एकटंच. रविवार आला की बायका ताट घेऊन दारात. गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, सणाला पुरणपोळी. घोडीच्या कपाळाला भंडारा लावायचा, तोंडात गूळ द्यायचा आणि हात जोडायचे.

"देवाचा घोडा पांढरा असतो," मी एकीला म्हणाले.

"आवो आज्जी, देव काय रंग बघून बसतोय व्हय?" ती म्हणाली आणि अजून एक ढेकूळ दिलं.

शिमग्यापर्यंत घोडी पखवाजासारखी झाली. मानेवर चरबीचा कडक गड्डा आला. येणारा जाणारा म्हणायचा, काय तब्येत काढलीय! मुलगा मिशीवर हात फिरवायचा. मला वाटलं, वय झालं की अंग सुटतं, माझं नाही का सुटलं.

पाडवा झाल्यावर एके दिवशी सकाळी घोडी जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढं ठेवलेले, सगळा भार मागच्या पायांवर. पाठीमागं बसायला निघाल्यासारखी उभी. एक पाऊल टाकायचं तर अंगभर थरथरायची. खुरावर हात ठेवला तर भाजलेल्या विटेसारखं गरम.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई आली. वयानं माझ्या नातीएवढी. तिनं खूर बघितला, मानेवरचा गड्डा दाबला आणि विचारलं, "आजी, हिला खायला काय काय घालता?"

सून हौसेनं सांगायला लागली. वाढं, काकवी, गूळ, डाळ, पोळ्या.

"बास," बाई म्हणाली. "खाऊ घालून पांगळी केलीत हिला."

सुनेचं तोंड एवढंसं झालं. बाईनं मग नीट समजावलं. ही जात दुष्काळी गवतावर जगायला झालेली. गोड आणि हिरवं हिला सोसत नाही, त्याची सूज खुराच्या आत धरते. मोबाईलवर तिनं कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातली घोडी दाखवली. फ्योर्ड म्हणतात म्हणे. तशीच बुटकी, तशीच मातकट आणि पाठीवर तीच काळी रेघ.

"आयला, ही तर आपल्या घोडीची चुलतबहीण," मुलगा म्हणाला.

"त्यांचंही हेच होतं," बाई म्हणाली. "थोड्या गवतावर फुगतात. तिकडचे लोक तोंडाला जाळी बांधूनच चरायला सोडतात."

"म्हणजे मुसकं," मी म्हणाले. कोळपताना बैलानं पीक खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतो ते.

"तेच. मुसकं बांधा. वाळलेलं गवतच द्या, तेही पाण्यात भिजत घालून, त्यातली गोडी काढून. दिवसातून चार वेळा थोडं थोडं. अगदी उपाशी ठेवायची नाही, पण पोटभरही नाही. पायाखाली वाळू टाका. खुरांवर गार पाणी सोडा. इंजेक्शन मी देते, खूर कसे तासायचे ते नालबंदाला सांगते."

"चालंल का परत?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. तिच्या खाण्याला 'नाही' म्हणणारं घरात कुणी असेल तर चालेल."

मुलानं आणि सुनेनं एकदमच माझ्याकडं बघितलं.

बाई गेल्यावर मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. "आये, उगं हाल कशाला? हेडी उद्या टेम्पो घेऊन येतो म्हणालाय."

हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. मी विचारलं, "लंगडी घोडी नेऊन तो काय वरातीत नाचवणार हाय?"

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कुटं नेणार ते तुला बी ठावं, मला बी ठावं. टेम्पोत आधी मला घाल. माझे बी गुडघे गेल्यात."

"तू कायबी बोलतीस."

"मी बोलते, तू करायला निघालास."

शेवटी तो म्हणाला, "बरं. पुढचं गळीत सुरू हुईस्तोवर ठेवू. तवर दगडा-खडीवर चालली तर तुझी. न्हायतर मी ऐकायचो न्हाय." मी म्हणाले, चालेल.

सांगोल्याकडून भाच्यानं माळाचं वाळलं गवत टेम्पो भरून पाठवलं. मी ते टिपात, म्हणजे पाण्याच्या पिंपात, बुडवायची, पिळायची आणि घोडीपुढं टाकायची. गावाला हसायला कारण मिळालं.

"म्हातारी घोडीचं गवत धुती गं! सवताचं लुगडं तरी धुती का?"

"तुझ्या लुगड्यापरास माझं गवत सोच्छ हाय," मी सांगायची.

रविवारी बायका ताटं घेऊन आल्या तेव्हा मी दारात काठी आडवी धरून बसले. त्यांच्याबरोबर शेजारचा म्हातारा होता. देवळात आरतीला तोच पुढं असतो आणि एरवीही सगळ्यात पुढंच असतो.

"देवाच्या घोडीच्या तोंडाला मुसकं?" तो ओरडला. "अगं, तळतळाट लागंल!"

"लागू दे. माझ्या वाटणीला येऊ दे."

"देवाचा निवद तू अडवतीस."

"देवानं गूळ कवा मागितला तुला? भंडारा मागतो तो. उधळ की पायजे तेवढा भंडारा. तेनं पाय सुजत न्हायत."

तो चडफडत गेला. बायकांनी मात्र काय करावं म्हणून भंडारा लावला, मी पण अडवलं नाही. पुढं दर रविवारी तेच. घोडी पार पिवळी झाली, पण वाळत चालली.

जनावर भुकेनं ओरडतं तेव्हा ते ऐकणं सोपं नसतं. रस्त्यानं कुठलीही गाडी गेली की ती मान वर करून खिंकाळायची. मी तिकडं लक्ष द्यायची नाही. लहानपणी आम्हाला कुणी दर तासाला खायला दिलं नाही, आम्ही मेलो नाही. पण एका दुपारी मी गिरणीवरून रिक्षानं आले तर मुसकं खुंटीला आणि घोडीच्या मिशा चिकट. जिभेनं ओठ चाटत उभी. काकवीचा वास लपत नाही. दोन दिवसांत खूर परत तापले आणि जी थोडीफार चालायला लागली होती ती पुन्हा जागेवर खिळली.

मी सुनेला हाक मारली. ती पदराशी चाळा करत उभी राहिली.

"आत्ती, ती माझ्याकडं बघून वरडती वो. माझ्यानं बघवत न्हाय."

"बघवत नसलं तर तिकडं तोंड कर."

"एवढीशीच दिली."

"आता पाय बघ. हिकडं ये. हात लाव."

तिनं खुराला हात लावला आणि लगेच काढला. रडायला लागली. मी तिला रडू दिलं. रडून झाल्यावर टिपातलं गवत पिळायला लावलं.

त्या दिवसापासून तिनं काठी हातात घेतली आणि मला पेन्शन मिळाली. माझ्यापेक्षा ती कडक निघाली. एकदा गुऱ्हाळवाला स्वतः काकवीची चरवी घेऊन आला, तर तिनं त्याला सांगितलं, "दाजी, ती चरवी हितंच तुमी पिऊन दाखवा, मग घोडीला देते." तो चरवीसकट परत गेला. मला हसू आवरेना. सुनेला इतकी वर्षं मी मऊ समजत होते.

पावसाळ्यात मानेवरचा गड्डा मऊ पडला. नालबंद महिन्याला येऊन खूर तासायचा. घोडी वाळूवर नीट उभी राहू लागली, मग वावरातल्या मातीवर चार पावलं, मग बांधापर्यंत. दसऱ्याला मी तिच्या पाठीवरून फक्त हात फिरवला, बसले नाही. बरगड्या हाताला लागत होत्या. असं घोडं मला ओळखीचं वाटलं.

गळीत सुरू झालं. मुलगा म्हणाला, "मातीवर चालती, त्ये खरं. पण माती म्हंजे काय खडी न्हवं." हेडी एकदा येऊन लांबूनच बघून गेला होता. डॉक्टरीणबाईनं पायाला टोचून, वाकवून बघितलं आणि सांगितलं, आता दगडावर चालवायला हरकत नाही, हळू न्या.

तेवढ्यात चंपाषष्ठी आली. आमच्या इथं त्या दिवशी देवाची पालखी गावाबाहेरच्या माळावर जाते. वर देवाचं छोटं ठाणं आहे. वाट म्हणजे नुसता मुरूम आणि धोंडे, आणि चढ असा की तरणी माणसं कमरेवर हात ठेवतात. पालखीपुढं घोडं लागतं. शेजारचा म्हातारा आदल्या दिवशी आमच्या दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ पाऊस, पीक, कांदा असं बोलला.

"घोडी पायजे का?" मी विचारलं.

"द्याल तर बरं हुईल."

"मुसकं काढायचं न्हाय. कुणी गुळाचा खडा बी दाखवायचा न्हाय. आणि कासरा मी धरणार."

"तुमी? त्या चढाला?"

"मी घोडीच्या आधारानं चढीन. तुमी तुमचं बघा."

सकाळी हलगी वाजायला लागली. घोडीच्या गळ्यात झेंडूची माळ, अंगावर झूल, तोंडाला मुसकं. पोरं हसली. म्हातारा त्यांच्यावर खेकसला, "हसताय काय? डॉक्टरचं औशिद हाय ते!" येळकोट येळकोट झालं आणि आम्ही निघालो. मुलगा घोडीच्या पायांकडं बघत बाजूनं चालला होता. मी त्याच्याकडं बघितलंच नाही.

पहिल्या धोंड्यांवर तिनं पाऊल ठेवलं, थांबली. सगळी पालखी मागं थांबली. तिनं नाक खाली नेऊन वाट हुंगली. मी कासरा सैल सोडला, ओढला नाही. मग तिनं कान पुढं केले आणि चढायला लागली. अडखळली नाही, पाय उचलून धरला नाही. धोंड्यांवर टापा वाजत होत्या. हलगीवाल्याला तिच्या चालीला चाल जुळवावी लागली, कारण ती त्याच्यासाठी थांबायला तयार नव्हती. मी एका हातानं तिची आयाळ धरली होती आणि खरं सांगायचं तर तिनंच मला वर ओढून नेलं. वर पोचलो तेव्हा पालखी अजून निम्म्या वाटेत होती.

एक बाई सवयीनं गूळ घेऊन पुढं झाली. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला. "भंडारा, भंडारा लावा फकस्त!"

मुलगा घाम पुसत वर आला. घोडीच्या चारी खुरांवर एकेक करून हात ठेवून बघितला. चारी गार. मग उभा राहून म्हणाला, "आये, जितलीस की गं."

"मग? आता मला वर चढव. गुडघे दुखाय लागल्यात."

त्यानं दोन्ही हातांची पायरी केली आणि मला पाठीवर चढवलं. सुनेनं खालून झूल नीट केली. येळकोट करत लोकांनी वाट दिली. उतारावर घोडी जपून चालली, सपाटीला लागल्यावर तिनं दुडकी धरली. मुसकं बांधलेलं माझं घोडं, अंगभर भंडारा आणि वर मी, नऊवारीचा काष्टा सावरत. घराजवळ आल्यावर मी कासरा आखडला. तिनं मानेला हिसका दिला, तिला थांबायचं नव्हतं. म्हटलं, बरं बाई. तशाच कॅनॉलच्या पुलापर्यंत गेलो, पाणी बघितलं आणि मग सावकाश घरी आलो.