उत्तरेश्वर तेल्याचं मातीचं तेल

उत्तरेश्वर तेल्याला अक्कल नव्हती असं कुणी म्हणू नये. भरपूर होती, फक्त वेळेवर कामाला येत नसे. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात त्याच्या घरचा करडईचा घाणा होता आणि देवीच्या जत्रेत पोतावर पहिलं तेल घालायचा मानही त्याच घरचा. पोत म्हणजे चिंध्यांचा पीळ घातलेली मशाल. पेटत्या पोतावर तेल्यानं धार धरल्याशिवाय पालखी हलत नसे. एरवी तेल्याला ‘बस’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती. त्या दिवशी मात्र अर्जुनराव पाटीलसुद्धा त्याची वाट बघत उभे राहायचे. त्या एका दिवसावर उत्तरेश्वर वर्षभर जगायचा.

अशात निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकात भरून नगरहून घासलेटचे डबे येऊ लागले. उत्तरेश्वर एकदा नगरला गेला आणि पंडित होऊनच परतला.

“जमिनीत लई खोल काळं तेल असतंय,” तो पारावर सांगायचा. “ते दारूवानी भट्टीवर तापवत्यात. वाफ निवली की आदी लई पातळ निघतंय, मग हे दिव्याचं, मग गाडीच्या आखाचं वंगण. मेणबत्तीचं मेन बी त्यातलंच. तळाला उरतंय ते डांबर.”

हे सगळं खरं निघालं, हेच नवल. पुढचं त्याच्या पदरचं होतं: घासलेटनं उवा मरतात, खरूज जाते, पोटदुखी थांबते. गावानं पोटदुखीचंही ऐकलं. ज्यांनी प्यायलं ते ओकून ओकून गळाले, आणि पोटात काही उरलंच नाही म्हणून दुखायचंही थांबलं. लोक त्याला दुवा देऊ लागले.

मग त्यानं घाण्याचा बैल विकला आणि त्या पैशातून घासलेटचे डबे आणून घरीच विकायला बसला. घाणा फोडून चुलीत घातला.

“आवं, घाणा कावून मोडला?” बायको साखराबाई रडकुंडीला आली. “देवीला काय घालताव आता?”

“तेल ते तेल. गावाला चालतंय, देवीला न्हाई व्हय?”

जत्रेच्या दिवशी साखराबाईनं माहेराहून करडईचा तांब्या आणून पुढं ठेवला. त्यानं तो पायानं सारला आणि घासलेटचा उचलला. ढोल वाजले, पोत पेटला, उत्तरेश्वरानं ऐटीत धार धरली. जाळ धारेवरून उलटा चढला तो थेट त्याच्या उजव्या हाताला. भुवया गेल्या, मिशी गेली, देवीच्या मुखवट्यावर काजळी बसली.

“इटाळ केला बे देवीला!” तात्याबा गुरव ओरडला. त्याच्या स्वतःच्या घरात घासलेटचीच चिमणी जळत होती, पण आपलं ठेवावं झाकून. पाटलांनी तिथल्या तिथं मान काढून शेजारगावच्या तेल्याला दिला. हाताला काही लावा, असं साखराबाईशिवाय कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव बाटल्या घेऊन उत्तरेश्वराच्या दारात हजर. विटाळ देवीला झाला होता, कंदिलांना नव्हे.

काही वर्षांत शेजारगावचा घाणाही बंद पडला, तो तेली पोटापाण्याला मुलूख सोडून गेला. तेव्हा पाटील स्वतः उत्तरेश्वराच्या दारात आले. “मान तुमच्याच घरचा हाय, उत्तरेश्वर. आता येडेपणा करू नगा.”

तो लहान पोरासारखा रडला. बीडहून करडईचं तेल आणलं, नवं धोतर नेसला, देवळापुढं उभा राहिला. पण जळक्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून वाळली होती. तांब्या धरवेना. त्यानं तो डाव्या हातात घेतला.

“डाव्या हातानं देवीला चालत न्हाई,” तात्याबा म्हणाला. साखराबाई पुढं झाली, तर बाईनं धार धरायची रीत नव्हती. पालखी खोळंबली. शेवटी पाटलांनीच त्याच्या हातून तांब्या घेतला आणि धार धरली. तेव्हापासून तो मान पाटलांच्या घरचा झाला आहे.

उत्तरेश्वर गर्दीत मागं जाऊन उभा राहिला. पालखी निघाल्यावर पाटलांचा गडी त्याला शोधत आला. वाड्यावरच्या कंदिलांत घासलेट भरायचं होतं. त्या कामाला डावा हात चालतो.