मनमाया आमच्याकडे भाड्याने राहायची तेव्हा

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. कधी सांगायला म्हणून तोंड उघडलं — आणि भाजीचं, पाहुण्यांचं, भलतंच काहीतरी बोलले. आता सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

आशागडला आमच्या घरामागे सासऱ्यांनी भाड्याने द्यायला खोल्या बांधल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या खोलीत २०१६ साली एक नेपाळी जोडपं राहायला आलं. नवरा तलासरीजवळ हायवेवरच्या ढाब्यावर आचारी होता, सुट्टी मिळाली की घरी यायचा. बायको मनमाया. एक मूल झालं होतं, ते तिकडे गावीच वारलं — एवढं तिने स्वतः सांगितलं. पुढचं आम्ही कुणी विचारलं नाही.

मला ती आवडायची नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमची मैत्री होती. नळाला पाणी आलं की तिचा हंडा सगळ्यांच्या पुढे. कुणी हटकलं तर आपल्या भाषेत फटकन बोलून मोकळी. मुळ्याचा पाला बरणीत दाबून आंबवायची आणि मग पत्र्यावर वाळत घालायची. तो आंबूस वास थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. सासूबाई खिडकी आपटून लावायच्या. "वासावरनंच कळतं, आपल्यातली नाहीत ही," तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. आणि मी? मी एकदा तो सगळा पाला गोळा करून उकिरड्यावर टाकला. विचारायला आली तर म्हणाले, वाऱ्याने उडाला असेल.  ती उकिरड्यावर जाऊन पाला वेचायला लागली.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हे सोपं आहे.

मराठी ती माझ्या मुलीकडून शिकली. रेवा तेव्हा बालवाडीत जायची. अंगणात दोघींची बडबड चालायची, आणि बाई असून मनमाया "मी येतो", "मी खातो" म्हणायची. रेवा खिदळायची. मग रेवाही तसंच बोलायला लागली. ती माझ्याजवळ बसून जेवेना, मनमायाच्या ताटातला भात मात्र चाटूनपुसून खायची. मी कामावरून थकून येणार आणि माझी पोर परक्या बाईच्या मांडीवर — कसं वाटत असेल मला? वाईट वाटायचं असं म्हणणं खोटं ठरेल. राग यायचा. मनमायाचा राग यायचा.

तरीही तिचा उपयोग मी करून घेतलाच. डहाणूला एका दातांच्या दवाखान्यात मी कामाला होते. एरवी बालवाडीतून रेवाला सासूबाई आणायच्या. गुरुवारी त्या सत्संगाला जात, तेव्हा मी लवकर सुटून आणायचं ठरलेलं. डॉक्टर काही सोडायचे नाहीत. एकदा नळावर मी शेजारणीजवळ रडगाणं गात होते, तर मागून आवाज आला, "मी आणतो ना, दीदी."

मी हो म्हटलं. फक्त घरात कळू द्यायचं नाही, असं बजावलं. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं — अंगणात खेळते तेवढं पुरे, स्वतःचं मूल गेलेल्या बाईच्या हाती पोर बाहेर धाडायची नाही. मनमायाने विचारलं, "का, चोरी आहे काय?" मी हंडा उचलून घरात आले. त्यानंतर दर गुरुवारी रेवाला तीच आणत होती. कधी चुकली नाही.

मग २०१८ साली मोबाइलवर ते व्हिडिओ फिरायला लागले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, बायका आहेत, बाहेरच्या आहेत. पाठवणाऱ्यांत कोण नव्हतं? मीसुद्धा पुढे पाठवले. हो, मीसुद्धा. दवाखान्यात रिकामी बसले होते, पाठवले.

त्या गुरुवारी मी दवाखान्यातून वेळेवर सुटले. शेअर रिक्षातून आशागडच्या नाक्यावर उतरले तर गर्दी. आत रेवाचं रडणं ऐकू आलं. बर्फाचा गोळा हवा म्हणून तिने रस्त्यातच भोकाड पसरलं होतं, हे मला नंतर कळलं. मनमाया तिला हाताला धरून ओढत होती. एवढंच लोकांनी पाहिलं — रडणारं पोर आणि ओढणारी नेपाळी बाई.

मी घुसले तेव्हा तिचे केस कुणाच्यातरी मुठीत होते. रेवाला एका रिक्षावाल्याने उचलून घेतलं होतं. सगळे ओळखीचे — आमच्या लग्नात जेवलेले. मनमायाने मला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर केवढं हायसं वाटल्याचं दिसलं — ते मला सांगता येत नाही.

"दीदी, सांगा यांना," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही धाडलंवतं काय हिला?" रिक्षावाल्याने विचारलं.

आणि गर्दीच्या पलीकडून सासूबाई येताना दिसल्या. सत्संगातून कुणीतरी बोलावून आणलं होतं त्यांना.

मी म्हणाले, "नाही. मी कशाला पाठवू हिला?"

भीतीने म्हणाले का? हो. सासूबाईंची भीती, त्या माणसांचीही. पण सगळं भीतीवर ढकलू का? नाही ढकलता येणार. ते शब्द तोंडातून गेले तेव्हा आत कुठेतरी मला बरं वाटलं होतं. घे म्हणावं, माझी पोर आहे ती. हे मी सांगत नव्हते इतकी वर्षं. खोटं बोलले, हे नव्हे — बरं वाटलं, हे.

त्यानंतर त्यांनी तिला मारलं. मी रेवाचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं आणि घराकडे चालायला लागले. मागे वळून पाहिलं नाही. पोलिसांची जीप आली म्हणून ती वाचली. हात मोडला होता. तिच्या नवऱ्याने आणि ढाब्याच्या मालकाने तिला पोलिसांकडून सोडवून नेलं. काही दिवसांनी नवरा एकटाच येऊन सामान घेऊन गेला. मी खिडकी लावून आत बसले होते.

त्या संध्याकाळी रेवा सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, तूच सांगितलंवतंस ना मायाला?" मी तिच्या थोबाडीत मारली. सासूबाई म्हणाल्या, घाबरलीये पोर, काहीही बरळते. त्यानंतर रेवा त्याबद्दल कधीच बोलली नाही.

२०१९ मध्ये एकदा आम्ही वापीहून परतत होतो. नवऱ्याने तलासरीजवळ चहाला गाडी थांबवली. ढाबा कुठला हे मला आत पाय टाकल्यावर समजलं. गल्ल्यापाशी मनमाया उभी होती, पोऱ्यांना हुकूम सोडत — मराठीत, हिंदीत, गुजरातीतसुद्धा. डावा हात कोपरात नीट सरळ होत नव्हता. ती आमच्या टेबलाशी आली. रेवाकडे पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे.

"तुम्हाला इथे चहा मिळणार नाही," ती म्हणाली. "उठा."

नवरा भडकला. आमच्याच खोलीत राहून आम्हालाच मिजास दाखवते, बाहेरून आलेल्यांना डोक्यावर बसवलं की असंच होतं — गाडीत बसेपर्यंत, आणि नंतर घरापर्यंत, तो बोलतच होता. माझ्या बाजूने बोलत होता. रेवा मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती.

मी म्हणाले, "जाऊ दे ना. लोकच तसे."