शेऱ्याच्या दोन ओळी

बी.ए. झाल्याचा मला फार ताठा होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीसुद्धा पाहिली नव्हती. अमरावतीला शिकलो आणि अकोल्यात, नोकरीसाठी नावं नोंदवतात त्या सरकारी कचेरीत कारकून लागलो. माणूस आला की त्याचं कार्ड भरायचं: नाव, वय, शिक्षण, धंदा. रकान्यात न मावणारं काही तो बोललाच, तर तळाशी ‘शेरा’ म्हणून दोन ओळी होत्या, त्यात ते टाकायचं. कार्डं धंद्याप्रमाणे खणांत लावलेली. मागणी आली की तो खण ओढायचा. शेरा कुणी वाचत नसे. मीही नाही.

जुन्या शहरात माझ्या खोलीजवळच राहणारे एक मामा नाव नोंदवायला आले. आमच्यासारखंच त्यांचंही घर छप्पन साली बौद्ध झालेलं. मी मान वर न करता धंद्याच्या रकान्यात ‘मजूर’ लिहून मोकळा झालो. विचारलंसुद्धा नाही. आपल्या वस्तीतला माणूस, दुसरं काय करत असणार!

ते मात्र बोलत राहिले. “बाबू, मी तिकडं शेंदूरजनाघाटले बगीच्यात होतो. जंबेरीच्या खुटावर संत्र्याचा डोया बांधतो मी, कलम करतो. माह्या हातचा डोया मरत नाई.”

मागे रांग होती. शेऱ्यात खरडलं, ‘संत्र्याचे डोळे बांधतो’, आणि पुढच्याला हाक मारली.

दर तीन महिन्यांनी ते कार्डावर शिक्का मारून घ्यायला येत. “आलं का काही?” “आलं की कळवू.” “कळवसान ना. कारड आपल्या मानसाच्या हाती हाय, मले काय फिकर?”

मग एका सरकारी रोपवाटिकेचं पत्र आलं. संत्र्याच्या कलमा बांधणारे तीन इसम पाहिजेत, कायम नोकरी, वय पस्तिसाच्या आत. मी ‘बागकाम’ लिहिलेला खण ओढला आणि वरची तीन कार्डं काढली. आमचा म्हातारा शिपाई म्हणाला, “बाबूजी, खालचा शेरा बी पाहून घ्या. मानूस खरं ते जाता जाता सांगते.”

“एवढ्या कार्डांचा शेरा वाचत बसू? तुम्हीच वाचा.”

“मले वाचता येत असतं, तं तुमच्या खुर्चीवर नसतो का बसलो?”

सगळे हसले. मीही हसलो, आणि तीच तीन नावं धाडली.

दीड-दोन महिन्यांनी रोपवाटिकेचं पुन्हा पत्र आलं. पाठवलेले इसम कुंड्यांना पाणी चांगलं घालतात, चाकू धरता येत नाही; दुसरे पाठवा. साहेबांनी ते माझ्या टेबलावर आपटलं. तेव्हा कुठे मी खणामागून खण उपसून शेरे वाचायला बसलो. एक शब्द धरून शोधावं, तर तेही जमेना. कुणी ‘कलमी काम’ लिहिलेलं, कुणी ‘आंख लावतो’, कुणी नुसतं ‘झाडं जोडतो’. ओळ न् ओळ वाचावी लागली. तिसऱ्या दिवशी मजुरांच्या खणात ते कार्ड सापडलं. अक्षर माझंच.

वय मोजलं. मागच्याच महिन्यात पस्तीस पुरी झाली होती. पहिलं पत्र आलं तेव्हा मामा वयात बसत होते.

दुसऱ्यांची नावं गेली. काही दिवसांनी मामा शिक्क्याला आले, धुतलेला सदरा घालून. मी ‘मजूर’ खोडलं आणि वर ‘कलमा बांधणारा’ लिहिलं.

“काय लिहून राहिले, बाबू?”

“तुमचा धंदा.”

“तो तं मी पयल्याच दिवशी सांगतला होता.” आणि माझा चेहरा पाहून तेच म्हणाले, “जाऊ द्या. आता लागन ना लवकर?”

मी “हो” म्हणालो. शिक्का मारला.

पुढेही दर तीन महिन्यांनी ते येत राहिले. वयाचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.