विमानाच्या पासाला दोन भोकं

कंडक्टरकाका निवृत्त झाले, पण बस काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. दारात पाहुणा उभा राहिला तरी म्हणतात, पुढे सरका, आत जागा आहे. अशा माणसावर विमानाने जायची वेळ आली. लेकीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि भूल देण्याआधी बाबा समोर हवेत, एवढाच तिचा हट्ट. तिकडे जाणारं विमान दिवसातून एकच.

घरातला फोन बटणांचा. म्हणून जावयाने काका-काकूंचे विमानाचे पास झेरॉक्सवाल्याकडे पाठवले, त्याने ते छापून दिले. निघताना काकू देवापुढे हात जोडून उभ्या होत्या, तेवढ्यात काकांनी पास निरखला. त्यावर काळ्या-पांढऱ्या बारीक घरांचा एक चौकोन होता. जुन्या बसच्या तिकिटावरही थांब्यांची अशीच घरं असायची. काकांनी कपाटातला तिकिटांना भोकं पाडायचा जुना चिमटा काढला आणि चौकोनाच्या दोन कोपऱ्यांत टचाटच भोकं पाडली. काकूंच्या पासाकडे हात वळला, तसा त्यांनी तो पर्समध्ये कोंबला. "माझ्याला हात लावायचा नाही."

विमानतळाच्या दारावर ओळखपत्र पाहून दोघांना आत सोडलं. पुढे फाटकापाशी पास काचेवर धरायचा होता. काकूंचा धरताच फाटक उघडलं, त्या पलीकडे गेल्या. काकांनी आपला धरला. सुलटा धरला, उलटा धरला, रुमालाने पुसून धरला. फाटक ढिम्म. मागची रांग खाकरू लागली आणि तिथल्या बाईंनी त्यांना काउंटरवर पिटाळलं.

"जन्मभर लोकांची तिकिटं तपासलीत," काकू पलीकडून म्हणाल्या, "आज तुम्ही सापडलात." बोलणं असं, पण ओठ पुन्हा देवाचं नाव घेऊ लागले होते.

काउंटरवरच्या माणसाने पास उजेडात धरला आणि भोकातून काकांकडे पाहिलं. हे कोणी केलं, असं त्याने विचारलं.

"मीच. एक चढल्याचं, एक उतरायचं. नाहीतर उद्या हेच तिकीट दुसरा वापरेल."

तो हसला, पण नीट समजावून सांगू लागला. वाचायला कुठून घ्यायचं ते यंत्राला कोपऱ्यांवरून कळतं. काकांनी नेमके कोपरेच उडवले होते. आणि एकदा वाचलेला पास यंत्र दुसऱ्यांदा घेत नाही. काकांची घाई कुठल्या कुठे गेली. काउंटरवर कोपर टेकून त्यांनी विचारलं, मधोमध पाडलं असतं तर? लहान भोक कदाचित चाललं असतं, तो म्हणाला; थोडं पुसलं गेलं तरी वाचता यावं, अशीच सोय त्यात केलेली असते.

"म्हणजे यंत्राच्या आतच कंडक्टर बसलाय की," काका म्हणाले.

तोवर नवा पास छापून झाला होता. त्या माणसाने तो काकांच्या मुठीत दिला आणि अक्षरशः त्यांना फाटकाकडे वळवलं.

देवाच्या दयेने संध्याकाळी दोघं लेकीच्या खाटेशी पोहोचली. तिचे हात भीतीने गार पडले होते. धीर देण्याचे शब्द काकांना कधी जमले नाहीत. त्यांनी आपली चौकोनाचीच गोष्ट सुरू केली. लेक पोट धरून हसली, मग तिचे डोळे मिटू लागले. झोपली असं वाटून काका थांबले.

"मग बाबा," ती डोळे न उघडता म्हणाली, "हा पास आधी वाचलाय, हे त्या यंत्राला कसं कळतं?"

हे विचारायचं राहूनच गेलं होतं. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि कसं असेल, याचा दोघं मिळून अंदाज बांधू लागली.