उलट्या बाजूने आलेला पाहुणा

ज्या शनिवारी मला मुलीच्या शाळेत 'जबाबदारीने वागणे' या विषयावर बोलायचं होतं, नेमकी त्याच सकाळी मी शाळेच्या गल्लीत उलट्या बाजूने स्कूटर घातली.

माझीही बाजू ऐका. शाळा पंचवटीत, गल्ली एकेरी. नीट मार्गाने जायचं तर पेठ नाक्यावरून वळसा, आणि सकाळी तिथे भाजीच्या गाड्यांची ही गर्दी. मी अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. 'सुरक्षा प्रथम' ही पाटी माझ्याच खुर्चीमागे लटकायची, म्हणून तर मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं होतं. आरशासमोर भाषण म्हणून बघण्यात उशीर झाला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून मी गल्लीत शिरलो आणि समोर शिट्टी वाजली.

शिट्टी वाजवणारी माझीच मुलगी. आठवीतली. शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकात त्याच वर्षी तिची निवड झाली होती, आणि तिचा तो पांढरा पट्टा पांढरा ठेवायचं काम घरात माझ्याकडे होतं. हात आडवा करून ती स्कूटरसमोर उभी.

"अगं, मी आहे," मी म्हणालो. जसं काही तिला तेच कळलं नव्हतं.

"बाबा, इकडून नाही. फिरून या."

"प्रार्थना सुरू होईल गं. आजचा दिवस सोड. भाषण माझंच आहे!"

तिचा चेहरा रडवेला झाला. जवळ येऊन फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "परवा हिच्या पप्पांना मी परत पाठवलं. गाडीवर फुलांच्या टोपल्या होत्या, तरी. तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही."

'ही' म्हणजे तिच्याच बाकावरची मैत्रीण. तसाच पट्टा लावून फाटकाच्या दुसऱ्या अंगाला उभी होती. तिच्या घरी फुलशेती. वडील तिला शाळेत सोडून पुढे बाजारात जायचे. ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या मुलीकडे बघत होती.

मी तशीच स्कूटर पुढे घेतली असती, तर मुलगी बाजूला झाली असती. शेवटी बाप होतो. पण मग ती मैत्रीण परत तिच्या बाकावर बसली नसती.

मी स्कूटर वळवली. वळवताना ती बंद पडली. किक मारली, परत मारली, तिरकी करून मारली. सगळं फाटक गंभीरपणे बघत होतं. एक पोरगं तेवढं म्हणालं, "काका, धक्का देऊ का?" शेवटी प्रमुख पाहुणे गाडी ढकलत गल्लीबाहेर गेले.

वळसा घालून पोचलो तेव्हा मुलं रांगेने वर्गात चालली होती. बाईंनी हसू दाबत चहा पुढे केला. "राहू द्या हो भाषण. मुलांनी फाटकावर बघितलंय."

दुपारी मुलगी घरी आली ती थेट आतल्या खोलीत. मी दारात जाऊन उभा राहिलो, तर खाली बघत म्हणाली, "बाबा, चिडलात?"

"हो. स्कूटरवर." ती हसेना, म्हणून विचारलं, "बोलली का ती?"

"मधल्या सुट्टीत डबा घेऊन आली माझ्याकडे." मग म्हणाली, "तिच्या पप्पांचीपण गाडी वळवताना बंद पडली होती म्हणे. पण त्यांना इतक्या किका नाही माराव्या लागल्या."

आणि दोघी त्यावर मधली सुट्टीभर हसल्या, हेही तिने सांगून टाकलं.

बायको ओट्याशी पोळ्या लाटत सगळं ऐकत होती. म्हणाली, "भाषण काही वाया गेलं नाही. आरशासमोर चाललं होतं तेव्हा मी ऐकलंय. उद्या मला बाजारात नेताना त्यात सांगितलंय तशी स्कूटर चालवा. नाहीतर पुढे तिला उभी करते, शिट्टीसकट."