सड्यावरचा आडवा वासा

आचऱ्याच्या वरच्या अंगाला सड्यावर, कातळाच्या माळावर, आमची वाडी. वाडीत येणाऱ्या एकुलत्या कच्च्या रस्त्यावर गंगाराम आबा आडवा वासा टाकून बसलेले असत. आमच्या आंदोलनापुढे खाणवाली कंपनी पळाली, खाण रद्द झाली, गुलाल उधळला, त्याला वर्ष उलटलं; आबांची राखण चालूच. काजूखाली मांडव, हातात कोयता, जेवण घरून. ओळखीच्याला वासा वर, अनोळखी गाडी माघारी. गाडी माघारी गेली की आबा खुशीत विडी पेटवायचे. कंपनीला आणखी एकदा हरवलं ना!

सगळ्यांना गंमत वाटायची, मलाही. वालावलच्या पाहुण्यांची जीप परत गेली आणि गंमत संपली.

आबांची नात अक्षया कुडाळात नर्स. तिने आणि वालावलच्या सिद्धेशने एकमेकांना पसंत केलेलं. त्याच्या घरचे बोलणी करायला येत होते. वाशापाशी जीप थांबली, तेवढ्यात एका काकाने उतरून सड्याचा फोटो काढला. झालं!

"पावणे कसले? सर्वेवाले तुमी!" आबांनी कोयताच उगारला.

सिद्धेशच्या बापाने, दत्तारामने, फोन करून सांगितलं, "पोरासाठी रविवारी परत येतंव. वासो आडवो दिसलो तर विषय संपलो."

आबांची बायको, जानकी आजी, माझ्या दारात आली ती भांडायलाच. "आंदोलन तुमचां, घोव माझो! पोरीचां लगीन मोडलां तर तुमच्या दारात बसतलंय!"

मी सातवी नापास, पण कंपनीच्या वकिलाला भर सभेत घाम फोडलेला माणूस. एका म्हाताऱ्याला समजवायला कितीसा वेळ? गेलो.

"आबा, लढाई संपली. आपण जिंकलो."

"कोण म्हणता?"

"मी म्हणतोय!"

"मगे खोटां."

"अहो, मी तुमचा पुढारी!"

"तुमीच भाषणात सांगलास. कंपनी माणसां फोडता, उद्या मी स्वतः येवन सांगलंय तरी इश्वास ठेवू नकात. माका पाठ आसा."

भाषण झकास झालं होतं, यात वाद नाही. पण त्या क्षणी माझं टाळकं सटकलं. मोबाइलवर बातमी दाखवली, तर म्हणे पेपर कंपनीचा. मी ओरडलो, ते ओरडले. शेवटी आबाच बोलले, "राखणीचां गाऱ्हाणां गावकारान देवासमोर घातलां. सुटतलां तां पण थंयच."

आता ट्यूब पेटली. लढा सुरू झाला तेव्हा गावचा मानकरी, गावकार हरिश्चंद्र, याने देवळात गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवाला साक्ष ठेवून, घरटी एकेकाला राखणीला बांधलं होतं. जिंकल्यावर बाकीचे आपापले घरी गेले. गावकार डीजेच्या नादात देवापुढे सुटकेचा नारळ ठेवायचाच विसरला.

रविवारी सकाळी गावकार देवळात तयार. आबा हलेनात.

"माझ्या जाग्यार कोण ऱ्हवतलो?"

"मी राहतो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कोयता दिला. "मी येयसर कोणाक सोडू नकात. मंत्री इलो तरी."

"शब्द!"

आबा उतारावरून दिसेनासे होतायत तोच समोर जीप. पाहुणे वेळेआधी! घामच फुटला मला. वासा उचलावा तर शब्द जातो, न उचलावा तर लग्न.

नाही उचलला.

"त्या दिवशी म्हातारो, आज तुमी?" दत्ताराम खाली उतरले. "ह्या गावात सगळेच खुळे काय?"

"थोडा वेळ बसा. देवळात काम चाललंय."

"बसतंय कशाक? चला रे, फिरवा गाडी!"

सिद्धेशने गाडीची चावी काढून खिशात घातली. "बाबा, काजूची बोंडां खावा. गोड आसत." आणि स्वतः काजूखाली जाऊन बसला. पोरगा पसंत पडला मला.

इतक्यात खालून गाऱ्हाण्याला साथ देणारा आवाज चढला, "होय महाराजा!" सगळी वाडी देवळात जमली असावी. मागोमाग धापा टाकत आबा आले, हातात फुटका नारळ. त्यांनी जीप पाहिली, दत्तारामांचा लालबुंद चेहरा पाहिला आणि माझ्यावर फिरले.

"पावण्यांका उन्हात उभे करून ठेवलास? अक्कल खंय गेली तुमची?"

मी तोंड उघडलं, पण दत्तारामच खो खो हसत सुटले. आबांनी नारळाचा पहिला तुकडा सिद्धेशच्या हातावर ठेवला, जीपमध्ये पुढच्या सीटवर ऐटीत चढले आणि खिडकीतून मला म्हणाले, "बघतास काय? वासो उचला!"

उचलला.